पाद्र्याच्या वहीत पूर्वज कसे आले

इंग्लंडमधल्या साध्या शेतकरी कुटुंबाची वंशावळ मागे मागे नेणारा माणूस, नशिबाने साथ दिली तर, १५५८ सालापर्यंत पोहोचतो आणि बरेचदा तिथेच अडतो. त्या वर्षी कुठलाही प्रलय आला नव्हता. पहिली एलिझाबेथ गादीवर बसली, एवढंच. तरीही शेकडो गावांचे पूर्वज नेमके त्याच साली सुरू होतात, याचं कारण चाळीस वर्षांनी निघालेल्या एका हुकमात आहे. इंग्लिश पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, नोंदवह्या वाचायच्या तर त्यातल्या नावांइतकेच हे हुकूम माहीत असावे लागतात. कारण या वह्या वंशजांसाठी कुणी लिहिल्याच नाहीत. प्रत्येक रकाना कुठल्या तरी सरकारी गरजेतून आला आहे.

सुरुवात १५३८ची. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबरात आदेश काढला: प्रत्येक पॅरिशने एक वही ठेवावी, दर रविवारी चर्चवॉर्डनसमोर (चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यासमोर) त्या आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तिच्यात लिहावीत, वही कुलूपबंद पेटीत ठेवावी. कसूर झाली तर तीन शिलिंग चार पेन्स दंड, आणि तो चर्चच्या डागडुजीला. लोकांना वाटलं, आता जन्मावर आणि मरणावरही कर बसणार. मठ मोडणाऱ्या राजाबद्दल हा संशय काही अवाजवी नव्हता. दोनच वर्षांत क्रॉमवेलचं डोकं उडालं, पण वही टिकली.

टिकली म्हणजे कागदावर, आणि तेही सुट्या पानांवर वा स्वस्तातल्या वह्यांत. म्हणून १५९८मध्ये एलिझाबेथच्या संमतीने नवा नियम आला: नोंदी चर्मपत्रावर उतरवा, जुन्याही नकलून घ्या, ‘विशेषतः राणीसाहेबांच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षापासूनच्या’. नकला करणाऱ्यांनी त्या ‘विशेषतः’चा सोयीस्कर अर्थ घेतला आणि १५५८च्या आधीचं जे होतं ते बहुतेक ठिकाणी तसंच सोडून दिलं. वीस वर्षांच्या नोंदी अशा एका क्रियाविशेषणात गेल्या. स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चमधली शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची नोंद, २६ एप्रिल १५६४, आज आपण पाहतो तीही अशी नकललेलीच आहे. जन्मतारीख तिच्यात नाही. २३ एप्रिल हा पुढच्यांचा अंदाज. त्याच साली थोडं पुढे त्याच वहीत लॅटिनमध्ये ‘इथून प्लेग सुरू झाला’ असा शेरा आहे.

१५९८च्या याच हुकमाने एक चांगली गोष्टही केली. वर्षभरातल्या नोंदींची प्रत बिशपकडे धाडायची. पॅरिशची वही उंदरांनी खाल्ली, आगीत गेली, तर या प्रती उपयोगी पडतात. मात्र दोन्ही हाताशी असतील तर दोन्ही वाचाव्यात: कधी प्रतीत आडनाव वेगळं असतं, कधी मूळ वहीत नसलेला एखादा शब्द.

१६४२ नंतरची राजा आणि पार्लमेंट यांच्यातली यादवी हा या वह्यांमधला मोठा खड्डा. पाद्री पळाले, हाकलले गेले, वह्या लपवल्या गेल्या. १६५३मध्ये थॉमस क्रॉमवेलच्याच घराण्यातल्या ऑलिव्हर क्रॉमवेलच्या काळात नोंदीचं काम पाद्र्याकडून काढून गावाने निवडलेल्या माणसाकडे दिलं गेलं. लग्न न्यायाधीशापुढे लावायचं आणि बाप्तिस्म्याऐवजी जन्म लिहायचा असं ठरलं. १६६०मध्ये राजेशाही परत आली, तशी जुनी घडीही परत आली.

नंतरच्या शतकात सरकारने या वह्यांकडून नाना कामं करून घेतली. लोकर धंद्याला आधार म्हणून मृताला लोकरीच्याच कापडात पुरण्याचा कायदा झाला. तसं केल्याचं शपथपत्र नसेल तर पाच पौंड दंड, म्हणून त्या काळच्या दफनांपुढे ‘शपथपत्र मिळाले’ असे शेरे दिसतात. फ्रान्सशी लढाईला पैसा हवा होता, तेव्हा १६९५पासून दफनाला चार शिलिंग, जन्माला दोन, लग्नाला अडीच असा कर बसला. थॉमस क्रॉमवेलच्या वेळची भीती दीडशे वर्षांनी खरी झाली. १७८३मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सची पट्टी लागली, गरिबांना माफी होती. त्यामुळे १७९४पर्यंतच्या पानांवर काही नावांपुढे ‘पी’ हे अक्षर येतं, म्हणजे ‘पॉपर’, कंगाल. पण ते सगळेच कंगाल होते असं धरू नये. दयाळू पाद्रीही असत.

तारखांचा घोळ वेगळाच. १७५२च्या आधी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलत असे. समजा वहीत लग्न मे १७२० मध्ये आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० मध्ये आहे. वाचणारा चपापतो, पण तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२१चा, आणि मूल अगदी रीतसर. शिवाय नवं कॅलेंडर घेताना १७५२च्या सप्टेंबरात २ नंतर थेट १४ तारीख आली, तेव्हा मधल्या अकरा दिवसांच्या नोंदी शोधू नयेत.

लग्नांचा गोंधळ त्याहून रंगतदार होता. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास कर्जबाजारी पाद्री पैसे घेऊन कुणाचंही लग्न लावून देत. घरच्यांना पत्ता नाही, जाहीर सूचना नाही, हवी तर मागची तारीखही मिळे. वारशाचे खटले त्यावर वर्षानुवर्षं चालत. हे बंद करायला लॉर्ड हार्डविकचा कायदा १७५४च्या मार्चपासून लागू झाला. लग्न पॅरिश चर्चमध्येच, तीन रविवार जाहीर सूचना किंवा परवाना, आणि वधू-वर, पाद्री, दोन साक्षीदार यांच्या सह्या. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक आणि ज्यू तेवढे वगळले. वंशशोधकाला इथे प्रथमच पूर्वजाच्या हातचं काही दिसतं: वाकडीतिकडी सही, नाहीतर फुली. त्या काळी किती जणांना लिहिता येत होतं याचा अंदाज इतिहासकार याच फुल्या मोजून बांधतात.

१८१३पासून खासदार जॉर्ज रोझच्या कायद्याने बाप्तिस्मे आणि दफनंही छापील रकान्यांत आली. बापाचा धंदा, राहण्याचं ठिकाण, मृताचं वय: अचानक माणसं ओळखू येऊ लागतात. आईचं माहेरचं आडनाव मात्र अजूनही नाही. याच कायद्यात एक अजब कलम होतं. शिक्षेचा अर्धा वाटा खबऱ्याला आणि अर्धा गावच्या गरिबांना मिळावा असं त्यात लिहिलं होतं, आणि शिक्षा होती चौदा वर्षांची हद्दपारी. मसुदा कुणी वाचला नसावा.

बिशपकडे प्रत धाडण्याच्या चालीचाच एक धागा मुंबईपर्यंत येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या पाद्र्यांनी केलेल्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. मुंबई इलाख्याची ती मालिका १७०९पासून १९४८पर्यंतची असून आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. १८६५च्या डिसेंबरात मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचा बाप्तिस्मा फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चमधला. इंग्लंडच्या पॅरिशमधून एखादा तरुण बाप्तिस्म्यानंतर नाहीसाच झाला असेल, तर त्याचं दफन पुण्याच्या किंवा खडकीच्या छावणीतल्या यादीत निघू शकतं.

१ जुलै १८३७ला सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि पॅरिशच्या वहीचं एकटीचं राज्य संपलं. पुढे १९७८च्या चर्च कायद्याने जुन्या वह्या बहुतांशी जिल्ह्याच्या दप्तरखान्यांत हलवल्या. आता त्यांची चित्रं घरबसल्या चाळता येतात, पण शोधयंत्र कुणीतरी वाचून टंकलेली सूची शोधतं, वही नव्हे. नाव सापडलं नाही तर पान स्वतः उघडावं. चर्चमधल्या लग्नाच्या वह्या ४ मे २०२१ला बंद झाल्या. त्या दिवसापासून नोंद संगणकावर होते, आणि तिच्यात वधू-वरांच्या आयांची नावं प्रथमच येऊ लागली.