सुपरचार्जर की टर्बो: भाता कोण ओढतो?

पुतण्या घरात शिरला तोच मोबाइल पुढे करत. "काका, स्विफ्टला सुपरचार्जर घालू की टर्बो?" दोन्ही इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवायची यंत्रं. गाडी साधी, १.२ लिटर पेट्रोल, बिनटर्बोची. स्क्रीनवर ॲल्युमिनियमचा चकचकीत शंख. "हा यातला कुठला?" मी विचारलं. "टर्बो." मी चित्र मोठं केलं. शंखाच्या पाठीला बेल्टची पुली होती. म्हणजे तो सुपरचार्जर.

चूक त्याची नव्हती. या जातीचा सुपरचार्जर आणि टर्बो, बाहेरून दोन्ही गोगलगायीसारखेच दिसतात. आत ॲल्युमिनियमचं पात्यांचं चाक असतं, ते हवा मधून ओढतं आणि कडेने दाबून बाहेर फेकतं. असा सुपरचार्जर आणि टर्बोचा हवा दाबणारा, थंड अर्धा भाग शेजारी ठेवले, तर चांगला मिस्त्रीसुद्धा आधी मागची बाजू बघतो. कारण फरक चाकात नाहीच, ते चाक कोण फिरवतं यात आहे.

लोहाराचा भाता आठवा. भट्टीत कोळसा कितीही टाका, हवा मिळाल्याशिवाय तो धगधगत नाही. इंजिनाचंही तेच. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, अडतं ते हवेपाशी. साधं इंजिन आपल्या श्वासाने जेवढी हवा ओढेल तेवढीच खातं. भाता लावून तीच हवा अर्ध्या बारने (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा दाब) जास्त दाबली, की हिशेबाने दीडपट हवा आत जाते आणि १.२ लिटरचं इंजिन १.८ चा आव आणतं. आता हा भाता ओढायला माणूस ठेवला तर त्याला जेवायला घालावं लागतं. तो सुपरचार्जर. क्रँकवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरून, बेल्ट घेतो, म्हणजे इंजिनाच्याच ताटातलं खातो. दुसरी तऱ्हा अशी की भट्टीच्या धुराड्यात एक पंखा बसवला, वर जाणाऱ्या गरम धुराने तो फिरला आणि त्याच दांड्यावरून भाता चालला. तो टर्बो.

भात्याची उपमा मी उगाच आणलेली नाही. अमेरिकेच्या इंडियानातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये ज्या हवा ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते लोखंडाच्या भट्ट्यांसाठीच होतं. मोटारीच्या बॉनेटखाली ते नंतर शिरलं. मर्सिडीजने १९२१ मध्ये सुपरचार्जर लावलेल्या गाड्या जगापुढे आणल्या. टर्बोचं पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीचं, १९०५ चं. आणि गंमत म्हणजे टर्बोचं मूळ पूर्ण नाव 'टर्बोसुपरचार्जर'. म्हणजे टर्बाइनवर चालणारा सुपरचार्जर. पुढे शेपूट गळलं आणि एकाच घरातले दोघे परके झाले. मर्सिडीजच्या जुन्या सी-क्लासच्या डिकीवर 'कोम्प्रेसर' लिहिलेलं असतं ते सुपरचार्जरचंच जर्मन नाव. आमच्या ओळखीतल्या एकाने अशी सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा दोन दिवस सगळ्यांना सांगत होता की हिचा एसी स्पेशल आहे.

गोव्यात, खाणींच्या डिचोलीत वाढलेल्या माणसाने टर्बो पाहिला नसला तरी ऐकलेला असतोच. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत भरलेले टिपर चढ घेताना जी बारीक, वर वर चढत जाणारी शिट्टी यायची, ती टर्बोची. सुपरचार्जर शिट्टी घालत नाही, तो किरकिरतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा लांबून ऐकू यावा तसा.

पुतण्याला घेऊन मी ओळखीच्या गॅरेजवर गेलो. तिथे बाकावर टिपरचा एक निकामी टर्बो पडलेला होता. मिस्त्रीने तो हातात दिला. एका बाजूला ॲल्युमिनियमचं चाक, दुसऱ्या बाजूला काळंठिक्कर पडलेलं लोखंडी टर्बाइन, मध्ये करंगळीएवढा दांडा. दांड्यावर निळसर झाक आणि करपलेल्या ऑइलचा थर, दुधाच्या पातेल्याला लागलेल्या करपीसारखा. "चाक धरून हलव," मिस्त्री म्हणाला. आडवं किंचित हललं तर चालतं, तिथे ऑइलचा पातळ थर बसायचा असतो. पण आत-बाहेर हललं की संपला. हा आत-बाहेर हलत होता.

छोट्या गाडीचा टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो, तेही एका अंगाला आठशे-नऊशे अंशांचा धूर झेलत. त्याला जगवतं ते फक्त ऑइल. घाट चढून आल्याआल्या चावी फिरवून इंजिन बंद केलं, की ऑइल थांबतं, तापलेल्या दांड्यावरचं जागीच करपतं. म्हणून घाट संपला की अर्धा-एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवायचं. हल्लीच्या टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं, तरी माझी सवय सुटलेली नाही. बेल्टवरच्या सुपरचार्जरला हे लाड लागत नाहीत. तो धुराच्या वाटेला जातच नाही.

मग पुतण्याचा खरा प्रश्न: पिकअप कशाला जास्त?

यासाठी मी त्याला दिवाडी बेटाच्या फेरीबोटीची आठवण करून दिली. ओहोटीला फेरीतून उतरताना धक्का चांगलाच उभा होतो, वर शेवाळ. पुढची गाडी थांबते, तुम्ही थांबता, मागे नदी. पहिला गिअर, इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर. अशा वेळी छोटा टर्बो झोपलेला असतो. फिरवायला पुरेसा धूरच नाही. तुम्ही रेस देता, इंजिन थोडा जास्त धूर सोडतं, टर्बो जागा होतो, मग हवा येते, मग ओढ. ही जी मधली घटकाभर, तिला लॅग म्हणतात. हायवेवर ती जाणवतही नाही. फेरीच्या धक्क्यावर तेवढ्यात हाफ क्लचचा वास येतो. सुपरचार्जर मात्र बेल्टने बांधलेला, इंजिन हललं की तोही हलला. वाट पाहणं नाही.

इथपर्यंत ऐकून पुतण्या खूश. म्हणजे सुपरचार्जरच! नाही. कारण त्याने निवडलेला शंख हा सुपरचार्जरच्या दुसऱ्याच जातीचा होता.

रूट्सच्या आणि स्क्रूच्या जातीत दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि दर फेरीला ठरलेली हवा पुढे ढकलतात. खालच्या आरपीएमला जी ओढ म्हणतात ती यांची. शंखवाला सेंट्रिफ्युगल मात्र टर्बोचाच थंड अर्धा, फक्त धुराऐवजी बेल्टवर. त्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सहा हजार आरपीएमला अर्धा बार देणारा शंख तीन हजारांना जेमतेम त्याच्या चौथाईएवढा, म्हणजे ०.१२ बारच्या आसपास देतो. दीड हजारांना नावालाच. धक्क्यावर जी अडचण, ती जागच्या जागी, वर बेल्टचा खर्च. पणजी-म्हापसा रस्त्यावर सहा हजार आरपीएम कोण आणि कुठे घेणार? ज्याला रेस ट्रॅकवर वरच्या टोकाला सरळ, अंदाज येणारी ताकद हवी, त्याच्यासाठी तो शंख उत्तम. पुतण्याची गाडी ऑफिसला जाते.

बेल्टचा खर्च किती हे ऐकून लोक चकित होतात. डॉजच्या ६.२ लिटरच्या, ७०७ अश्वशक्तीच्या हेलकॅट इंजिनात नुसता सुपरचार्जर फिरवायला सुमारे ८० अश्वशक्ती लागते, म्हणजे जवळजवळ एका स्विफ्टचं अख्खं इंजिन. टर्बोही फुकट नाही, धुराच्या वाटेत पंखा अडवला की इंजिनाला धूर बाहेर ढकलायला जोर लागतोच. पण जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा एरवी सायलेन्सरमधून वायाच जातो, त्यातलंच तो उचलतो. मायलेज आणि प्रदूषणाचे नियम आवळत गेले तसे कारखाने एकेक करून टर्बोकडे वळले ते याच हिशेबाने. बीएमडब्ल्यूच्या काळातल्या मिनी कूपर एसच्या पहिल्या पिढीत १.६ लिटरला सुपरचार्जर होता, पुढच्या पिढीत त्याच मापाला टर्बो. मर्सिडीजचा 'कोम्प्रेसर'ही तसाच गेला. फोक्सवॅगनने २००५ मध्ये १.४ लिटरच्या इंजिनावर दोन्ही बसवून पाहिले, खाली सुपरचार्जर, वर टर्बो, १७० अश्वशक्ती. अक्कल भारीच, पण दोन भाते सांभाळायचे म्हणजे खर्चही दोनदा.

गोव्यात या दोघांचाही खरा वैरी एकच, उकाडा. हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप आठवा, टोकाशी हात भाजतो. मेच्या दुपारची ३२ अंशांची हवा दीडपट दाबली, तर ठीकठाक कॉम्प्रेसरमधून ती ८५ अंशांच्या आसपास बाहेर पडते. तापलेली हवा फुगते, म्हणून कागदावरची ५० टक्के जास्त हवा प्रत्यक्षात २८ टक्क्यांवर येते. रूट्सच्या जातीत दाबण्याची रीत ओबडधोबड असल्यामुळे ती आणखी तापते. शिवाय आपल्या हवेत शंभरातले तीन-साडेतीन भाग नुसती पाण्याची वाफ. म्हणून इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, ही चैन नाही. आणि त्यालाही वारा लागतो. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास रांगेत उभी असलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर पहिले दोन मिनिटं मलूल वाटते, ती याचमुळे.

गरम हवा आत गेली की ठिणगीची ज्योत पोचायची वाट न बघता उरलेलं पेट्रोल स्वतःहून भडकतं, नॉकिंग सुरू होतं, पिस्टनवर हातोडे बसल्यासारखे. १९६२ च्या ओल्डस्मोबील जेटफायरमध्ये, ती पहिल्या टर्बो कारपैकी एक, हे टाळायला पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी होती. मालक ती भरायला विसरत. पुतण्याच्या बिनटर्बोच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते तो आकडा, मुळातच चढा आहे, भाता गृहीत धरून ते बनवलेलंच नाही. त्यावर बाहेरून दाब घालायचा तर इंजेक्टर, ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) ट्यूनिंग, क्लच, कूलिंग, सगळ्यालाच हात लावावा लागतो. चित्रातल्या किमतीत यातलं काहीच नव्हतं.

एका बाबतीत मात्र टर्बोला मी मनापासून मानतो, आणि ती म्हणजे चोर्ला घाट. साखळी-केरीहून चढत वर सुमारे ८०० मीटरवर गेलात की हवेचा दाब नऊ टक्क्यांनी उतरलेला असतो. साधं इंजिन तेवढं दमतं. ठरलेल्या पुलीचा सुपरचार्जरही तेवढाच दमतो, कारण तो पातळ हवेलाच दीडपट करतो. टर्बो थोडा जास्त फिरून तूट भरून काढतो. माझी जुनी १.३ लिटरची डिझेल पाच माणसं घेऊन तिसऱ्या गिअरवर वळणं काढायची.

एकदा सोडून. वरच्या एका वळणावर 'फट्' असा आवाज आला, मग नुसती हवेची सुसू, आरशात काळा धूर आणि गाडीत बैलगाडीचा जीव. टर्बो गेला असं धरूनच चाललो होतो. दुसऱ्या गिअरवर रखडत खाली केरीला आलो, बॉनेट उघडलं, तर इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप निसटून लोंबत होता. क्लॅम्प गंजलेला, चार पावसाळे खाल्लेला, मीच कधी बघितला नव्हता. स्क्रूड्रायव्हर, दहा मिनिटं, काम झालं. बेल्टवाल्यालाही पाइप असतात, त्यावर बेल्टही असतो. दोन्हीकडे मोडणारं बहुधा रबरच.

कायद्याचं मी त्याला थोडक्यात सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कारखान्याच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि अपघात झाला की विमावाले आधी बॉनेट उघडायला सांगतात.

मग घ्यायचं काय? माझं मत विचाराल तर स्विफ्ट आहे तशी चालव, आणि बदलायचीच असेल तेव्हा कारखान्यातून टर्बो घेऊन आलेली घे. मारुतीच्याच फ्रॉन्क्समध्ये दोन इंजिनं मिळतात. १.२ लिटरचं बिनटर्बो, टॉर्क म्हणजे ओढ ११३ न्यूटन-मीटर, तेही ४४०० आरपीएमला. आणि १ लिटरचं टर्बो, १४८ न्यूटन-मीटर, २००० पासून ४५०० पर्यंत पसरलेलं. अश्वशक्तीत फरक दहाचा, ९० आणि १००. पण रोजच्या रस्त्यावर इंजिन ज्या पट्ट्यात राहतं तिथे जमीन-अस्मान. जाहिरातीत अश्वशक्ती मोठ्या अक्षरात असते, वाचायचा असतो टॉर्कचा आकडा कुठून सुरू होतो तो.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन हायवेवर नेतो, तिथे सगळ्याच टर्बो गोड लागतात. मी पुतण्याला म्हटलं, तू चढ निवड. दुसरा गिअर, दीड हजारांच्या खाली आरपीएम येऊ दे, मग पाय अर्धा दाब आणि तोंडाने मोज.

परवा तो जाऊन आला. पणजीतल्या माला भागाच्या चढावर, वनवेच्या तोंडाशी, मागे बस, शेजारी सेल्समन. "एक म्हटलं, दोन म्हटलं," तो सांगत होता, "तिसऱ्याला ओढली. काका, बसवाल्याने दोनलाच हॉर्न दिला."