खगोलछायाचित्रणाच्या संगणकाचे बिनतारी दूरनियंत्रण

दुर्बिणीच्या नळीवर किंवा माउंटवर (दुर्बीण आकाशाच्या गतीने फिरवणाऱ्या आधारावर) बसवलेला छोटा संगणक वायफायवरून लॅपटॉप, टॅबलेट वा फोनने चालवण्याची पद्धत. मुख्य कॅमेरा, गायडिंगचा (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारणारा) कॅमेरा, माउंट आणि फोकसर (फोकस जुळवणारी मोटर) यांच्या केबली याच संगणकाला जोडलेल्या असतात. सगळे काम तोच करतो, हातातल्या उपकरणावर फक्त त्याचा पडदा दिसतो. त्यामुळे संपर्क तुटला तरी एक्स्पोजर चालू राहायलाच हवे, ही या मांडणीची पहिली अट. मिनी पीसीवर बहुधा विंडोज आणि नीना (छायाचित्रणाचा प्रोग्रॅम), तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर लिनक्स, इंडी (उपकरणे चालवणारी प्रणाली) आणि एकोस (छायाचित्रणाचा प्रोग्रॅम) वापरतात.

निरीक्षणाच्या जागी वायफाय नसते, तेव्हा नेटवर्क बरोबर न्यावे लागते. रास्पबेरी पायला हॉटस्पॉट करणे सोपे आहे. लिनक्सच्या नेटवर्क मॅनेजरने उभारलेल्या हॉटस्पॉटवर त्याचा पत्ता सहसा १०.४२.०.१ असतो. विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट मात्र उघड्यावर दगा देतो. वाटून द्यायला इंटरनेट जोडणी नसेल तर तो सहसा सुरूच होत नाही आणि वीजबचतीचा पर्याय चालू असेल तर कोणी जोडलेले नसताना पाच मिनिटांत बंद पडतो. फोन खिशात ठेवून चहा घेऊन येईपर्यंत नेटवर्क गायब झालेले असते. म्हणून विंडोजसाठी पाच व्होल्टवर चालणारा ट्रॅव्हल राउटर घेणेच बरे. मिनी पीसी त्याला लॅन केबलने जोडावा, म्हणजे बिनतारी टप्पा एकच उरतो. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये संगणकाचा पत्ता कायमचा बांधून ठेवावा.

चांगले चालणारे वायफाय कॅमेरा सुरू होताच अडखळू लागले, तर संशय यूएसबी ३ वर घ्यावा. त्याच्या केबली आणि जोडण्यांतून निघणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ साली याविषयी टिपण प्रसिद्ध केले आहे. मिनी पीसीत अँटेना या पोर्टपासून काही सेंटिमीटरवरच असते, त्यात पेटी धातूची असली तर आणखी अडचण. उपाय तीन: चांगल्या आवरणाची केबल, राउटर अर्धा-एक मीटर दूर तिपाईच्या पायाशी, आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. या पट्ट्यात ३६ ते ४८ यांपैकी चॅनेल हाताने निवडावे. ५२ ते १४४ या चॅनेलांवर बहुतेक देशांत रडारला प्राधान्य असते: राउटर सुरू होण्यापूर्वी किमान मिनिटभर ऐकत बसतो आणि रडारचा संकेत मिळताच चॅनेल सोडतो. भिंतीआडून किंवा लांबून काम करायचे असेल तर मात्र २.४ चा पल्ला जास्त.

वायफायच्या नावावर खपणारे कितीतरी दोष खरे तर संगणकाच्या सेटिंगचे असतात. विंडोजच्या होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने (दुसऱ्या उपकरणावरून पडदा चालवण्याच्या विंडोजच्या सोयीने) आत शिरता येत नाही, प्रो लागते. खात्याला पासवर्ड हवा. पिन चालत नाही आणि रिकामा पासवर्ड नाकारला जातो. इंटरनेट नसलेले नेटवर्क विंडोज अनेकदा ‘पब्लिक’ धरते आणि फायरवॉल ३३८९ हे पोर्ट अडवते; ते ‘प्रायव्हेट’ करावे. स्लीप आणि यूएसबीची वीजबचत बंद ठेवावी. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज येताच सुरू होण्याचा पर्याय निवडावा. काम संपवताना ‘डिस्कनेक्ट’ करावे, ‘साइन आउट’ केल्यास नीनाही बंद होते. व्हीएनसी ही दूरनियंत्रणाची दुसरी पद्धत खऱ्या पडद्याचीच प्रत दाखवते, त्यामुळे मॉनिटर नसताना एचडीएमआयचा डमी प्लग (मॉनिटर जोडल्याचे भासवणारा) लावावा लागतो. रिमोट डेस्कटॉपला त्याची गरज नाही.

फोन इंटरनेट नसलेले वायफाय सोडून मोबाइल डेटाकडे पळतो, तेव्हा डेटा बंद ठेवावा. रास्पबेरी पाय ४ मध्ये स्वतःचे घड्याळ नसते. इंटरनेटविना त्याची वेळ चार मिनिटांनी चुकली तर माउंट दुर्बीण सुमारे एक अंश बाजूला रोखतो. अचूक वेळेसाठी जीपीएस डोंगल लावावे. २६ मेगापिक्सेलची १६ बिटची एक फाइल सुमारे ५२ एमबीची असते. अशा फाइली रात्री वायफायवरून ओढू नयेत, संगणकाच्याच एसएसडीवर ठेवाव्यात.

चाचणी घरीच, इंटरनेट, मॉनिटर आणि कीबोर्ड काढून, वीज तोडून पुन्हा देऊन करावी. बॅगेत पाच मीटरची लॅन केबल असावी. राउटर बंद पडला तर ती लॅपटॉप आणि मिनी पीसी यांत थेट जोडता येते. मिनिटभरात दोघेही स्वतःहून १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेतात आणि संगणकाच्या नावाने रिमोट डेस्कटॉप उघडता येतो.