साठणं वेगळं, आटणं वेगळं

जानेवारी २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर एक ऑर्का (किलर व्हेल) मादी मरून किनाऱ्याला लागली. संशोधक तिला लुलू म्हणायचे. ती मेली मासेमारीच्या दोरात अडकून. पण चरबीची तपासणी झाली आणि दोर मागे पडला. दर किलो चरबीमागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी, म्हणजे कारखान्यांत बनलेलं एक टिकाऊ विषारी रसायन! सागरी सस्तन प्राण्यांना त्रास सुरू होतो ती पातळी ९ मिलिग्रॅमच्या आसपास धरतात.

अशा बातम्यांत कारण एका वाक्यात उरकलेलं असतं: अन्नसाखळीतून विष साठत गेलं. या वाक्यात दोन वेगळे हिशोब एकाच खात्यावर टाकलेत.

पहिला हिशोब साठण्याचा. बायोअ‍ॅक्युम्युलेशन, म्हणजे जैवसंचय. हा एकाच जिवाचा, त्याच्या एका आयुष्याचा. अंगात येणारं विष जास्त, बाहेर पडणारं कमी, म्हणून वर्षागणिक शिल्लक वाढते. तोटी नसलेल्या रांजणात थेंब थेंब पडत राहावा, तसं. ते खाण्यातून आलं, कल्ल्यांतून आलं की आईच्या दुधातून, रांजणाला काही फरक पडत नाही.

दुसरा हिशोब आटण्याचा. बायोमॅग्निफिकेशन, म्हणजे जैववर्धन. इथे खाणारा आणि खाल्ला जाणारा असे दोघं लागतात. गुऱ्हाळावर काहिलीभर रस चुलाणावर चढतो, पाणी उडून जातं आणि ढेप उरते. मोठ्या माशाने दहा किलो लहान मासे खाल्ले, तर त्यातलं बहुतेक मांस जगण्या-पोहण्यात जळून जातं, अंगाला लागतं जेमतेम किलोभर. पीसीबी मात्र जळत नाही. दहा किलोंत विखुरलेलं बरंचसं विष त्या किलोभरात येऊन बसतं. पुढे त्या माशाला कोणी खाल्लं की काहील पुन्हा चुलाणावर.

पीसीबी या दोन्ही कामांत पटाईत. पाण्यात ते जवळपास विरघळत नाही, चरबीत सहज विरघळतं, आणि यकृताला त्याचे बरेचसे प्रकार फोडता येत नाहीत. १९२९ पासून ते कारखान्यांत बनू लागलं आणि ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरच्या तेलात भरलं गेलं. अमेरिकेने १९७९ मध्ये उत्पादनावर बंदी घातली, २००१ मध्ये अशा टिकाऊ विषांवरचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार झाला. समुद्रात जे उतरलं होतं ते उतरलेलंच राहिलं.

आता शाळेतली एक आकृती आठवा. डीडीटीची साखळी, एनसीईआरटीच्या बारावीच्या जुन्या पुस्तकातली. पाण्यात ०.०००००३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), प्राणीप्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांत, ०.०४, लहान माशांत ०.५, मोठ्या माशांत २, मासेखाऊ पक्ष्यांत २५. ही आकृती आपण सगळ्यांनी ‘खात खात वाढलं’ असं म्हणून पाठ केली. भागाकार करून बघा. प्लवकांपासून पक्ष्यांपर्यंत वाढ ६२५ पट. पाण्यापासून प्लवकांपर्यंत, त्या एकाच पायरीवर, तेरा हजार पटींहून जास्त. म्हणजे सगळ्यात मोठी उडी अशा ठिकाणी आहे, जिथे खाण्याचा वाटा अगदी थोडा. पाण्याचं भक्ष्य कोणी करत नाही. डीडीटी पाण्यातून थेट अंगातल्या चरबीत उतरतं. ते साठणं. आटणं त्याच्या पुढे सुरू होतं.

दोन्ही नेहमी हातात हात घालून चालतात असंही नाही. कच्च्या तेलात पीएएच नावाची रसायनं असतात. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाला डांबराचे गोळे येऊन पडतात, त्यातही हीच. कालवं-तिसऱ्या पाणी गाळून जगतात आणि त्यांना पीएएच फारसं फोडता येत नाही, म्हणून ते त्यांच्या अंगात साठतं. माशांचं यकृत मात्र ते फोडून पित्तावाटे बाहेर टाकतं. साखळी वर जाते, विष वर जात नाही. साठलं, पण आटलं नाही. अर्थात आटत नाही म्हणजे निरुपद्रवी, असं नव्हे. कॅनडाच्या सेंट लॉरेन्स नदीच्या मुखातल्या बेलुगांमध्ये, म्हणजे पांढऱ्या देवमाशांमध्ये, कर्करोगाचं प्रमाण विलक्षण जास्त आढळलं आणि संशयाचं बोट अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांतून आलेल्या पीएएचकडेच गेलं.

उलट बाजूचं उदाहरण उत्तर ध्रुवाजवळच्या बोहेड व्हेलचं. हा देवमासा दोनशे वर्षं जगू शकतो. २००७ मध्ये अलास्कात मारलेल्या एकाच्या अंगात एकोणिसाव्या शतकातल्या हार्पूनचा तुकडा सापडला होता. त्याच्या चरबीचा थर जवळपास अर्धा मीटर जाड. एवढा मोठा रांजण, एवढी वर्षं, तरी त्यात पीसीबी कमीच. कारण तो खातो कोपेपॉड आणि क्रिल हे कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव, म्हणजे साखळीच्या तळाशी बसून जेवतो. साठायला वेळ भरपूर, पण त्याच्या ताटात येण्याआधी रस आटलेलाच नसतो.

दोन्ही हिशोब एकाच कोष्टकात पाहायचे तर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाचा किनारा गाठावा. पीटर रॉस आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तिथल्या ऑर्कांच्या चरबीचे आकडे प्रसिद्ध केले. उत्तरेकडचे निवासी ऑर्का मासे खातात, त्यातही सामन. त्यांच्या नरांत दर किलो चरबीमागे ३७ मिलिग्रॅम पीसीबी. फिरस्ते ऑर्का सील आणि पॉर्पॉइज (डॉल्फिनसारखे लहान सस्तन प्राणी) मारून खातात. त्यांच्या नरांत २५१. प्राणी तोच, किनारा तोच, फक्त ताट एक पायरी वर. हा फरक मुख्यतः आटण्याचा.

आता फिरस्त्यांच्याच माद्या बघा: ५९. खाणं नरांसारखंच, मग विष चौथ्या हिश्श्याहून कमी का? कारण मादीच्या रांजणाला तोटी आहे, ती पिल्लाच्या तोंडात. व्हेलचं दूध विलक्षण स्निग्ध असतं आणि चरबीबरोबर पीसीबीही उतरतं. सगळ्यात मोठा वाटा जातो पहिल्या पिल्लाला. नराला अशी वाट नाही. नर-मादीतला हा फरक साठण्याचा. जेवणाच्या कोष्टकात तो शोधून सापडणार नाही.

(त्याच अभ्यासात दक्षिणेकडच्या निवासी नरांचा आकडा १४६ आहे, तेही मासेच खाणारे. ते सिएटल-व्हँकुव्हरच्या औद्योगिक पाण्याजवळ वावरतात. म्हणजे वय आणि ताट पाहून झाल्यावर पत्ताही विचारावा लागतो.)

आईकडून येणारा वाटा किती, हे एका निळ्या देवमाशाच्या कानातल्या मळाने सांगितलं. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात जहाजाच्या धडकेने एक नर मेला. त्याच्या कानातला मळाचा खुंट सुमारे २५ सेंटिमीटर लांब होता, आणि झाडाच्या खोडासारखे त्यात थर. एकेक थर तपासून संशोधकांनी आयुष्यभराची वही मांडली. टिकाऊ सेंद्रिय रसायनांचा जवळपास पाचवा भाग पहिल्याच वर्षात, आईकडून आलेला होता. दुधावरचं पिल्लू एका अर्थी आईलाच खात असतं. त्याची पायरी तिच्याही वर.

पारा पीसीबीच्या शेजारी बसवला जातो, पण त्याची जागा वेगळी आहे. मिथाइल पारा चरबीत नाही, प्रथिनांना चिकटून मांसात बसतो. आटतो मात्र तोही. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर पायलट व्हेल या देवमाशाचं मांस आणि चरबी दोन्ही खातात, म्हणजे तिथल्या माणसाची पायरी पायलट व्हेलच्या वर. १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या तिथल्या मुलांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला, आणि २००८ मध्ये पॉल वाइहे आणि होग्नी देबेस योएन्सेन या तिथल्याच दोन डॉक्टरांनी पायलट व्हेल खाणं थांबवावं असा सल्ला दिला. शतकानुशतकांच्या जेवणाबद्दल आपल्याच माणसांना असं सांगायला धाडस लागतं.

साठलेलं विष चरबीत गप्प बसलेलं असतं, तोवर एक वेळ ठीक. उपासमार झाली की शरीर चरबी वापरायला काढतं आणि पीसीबी रक्तात सुटतं. दक्षिणेकडच्या त्या निवासी ऑर्कांचं मुख्य खाणं असलेला चिनूक जातीचा सामन कमी झाला आहे, त्यामुळे त्यांना ही धास्ती दुहेरी. भुकेच्या वर्षी समुद्रातून नवं काही न येताही रक्तातलं विष वाढू शकतं.

लुलूकडे परत जाऊ. तिचा कळप तेव्हा आठाच्या आसपास उरला होता आणि संशोधकांनी पाळत ठेवल्यापासून त्यात एकही पिल्लू दिसलं नव्हतं. ती किमान वीस वर्षांची होती. शवविच्छेदनात तिचा अंडाशय पाहिला, तर ती कधीच व्याली नसल्याचं दिसलं. म्हणजे ताट साखळीच्या टोकावरचं, आयुष्य किमान वीस वर्षांचं, आणि मादी असूनही रांजणाची तोटी एकदाही उघडलेली नाही. एवढं पीसीबी प्रजनन बंद पाडू शकतं. आणि प्रजनन बंद, तर पीसीबी उतरायला वाट नाही.