गोड्या पाण्यातील शोभिवंत कोळंबी : सोलापुरातील संगोपन

काचेच्या टाकीत शोभेसाठी पाळल्या जाणाऱ्या, दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या गोड्या पाण्यातील कोळंबीला हौशी मंडळी सरसकट ‘श्रिम्प’ म्हणतात. नवशिक्याच्या घरी पहिल्यांदा येते ती बहुधा चेरी कोळंबी. तिचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. कवचधारी प्राण्यांच्या दशपाद गणातील अटायडी कुलात तिचा समावेश होतो. मूळची ती चीन, तैवान आणि कोरियातील. निसर्गात ती मळकट तपकिरी, जवळजवळ पारदर्शक असते. लाल, पिवळे, निळे हे रंग निवडक पैदाशीतून आलेले आहेत. म्हणूनच वेगवेगळ्या रंगांच्या कोळंब्या एकाच टाकीत ठेवल्या तर काही पिढ्यांत पिल्ले पुन्हा मळकट निघू लागतात. आयुष्य एक ते दोन वर्षांचे.

सोलापुरात ही कोळंबी टिकत नाही, असे अनेक जण पहिल्या अपयशानंतर ठरवून टाकतात. ते खरे नाही. इथले पाणी जड असते, पण चेरी कोळंबीला थोडे जड पाणीच मानवते, कारण कवचासाठी तिला पाण्यातला कॅल्शियम लागतो. तिला सोसत नाही तो फरक : आज एक पाणी, उद्या दुसरे, सकाळी २५ अंश, दुपारी ३२. या शहरात असा फरक पडण्याची कारणे घरोघर हजर असतात. ती ओळखता आली की कोळंबीपालनाचा निम्मा भाग जमला.

जातीची निवड आधी करावी. कॅरिडिना प्रजातीतील लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रिस्टल कोळंब्या फार देखण्या दिसतात, पण त्यांना मऊ, किंचित आम्लधर्मी आणि थंड पाणी लागते. सोलापुरातील नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे या नोंदीच्या लेखकाचे स्पष्ट मत आहे. जपानी जलोद्यानकार ताकाशी अमानो यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली अमानो कोळंबी शेवाळ उत्तम खाते. मात्र तिच्या अळ्यांना खारे पाणी लागत असल्याने घरच्या टाकीत तिची पिल्ले वाढत नाहीत. नदीतून किंवा तलावातून जाळ्यात येणारे मॅक्रोब्रॅकियम प्रजातीचे झिंगे लहानपणी असेच पारदर्शक आणि गोजिरवाणे दिसतात. मोठे झाल्यावर त्यांचे लांब चिमटे सोबतच्या लहान जिवांवर चालतात. अटायडी कुलातील कोळंबीच्या चिमट्यांना टोकाशी केसांचे कुंचले असतात. तिला फक्त खरवडता आणि वेचता येते, शिकार करता येत नाही.

सोलापूर शहराला उजनी धरण, भीमेवरील टाकळी येथील उपसा आणि हिप्परगा तलाव यांतून पाणी मिळते. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. त्यामुळे पिंप, हौद, गच्चीवरची टाकी असा साठा प्रत्येक घरात असतोच. कोळंबी पाळणाऱ्याला ही सवय उपयोगी पडते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या भांड्यात साधारण दिवसभरात उडून जातो, तेव्हा ‘पाण्याच्या दिवशी’ ताजे पाणी टाकीत न ओतता बादलीभर बाजूला काढून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वापरावे. घाई असेल तर अँटिक्लोरचे थेंब मिळतात. बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. काळ्या पाषाणातून येणाऱ्या या पाण्यात क्षार पुष्कळ असतात आणि गल्लीगणिक त्यांचे प्रमाण बदलते. शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबण्यापेक्षा पेनासारखा टीडीएस मीटर (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (२०१२) एकूण कठीणपणाची, म्हणजे जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. हौशी लोकांच्या मोजमापात ते सुमारे ११ जर्मन अंश होतात. चेरी कोळंबीला ६ ते १२ अंश चालतात. टीडीएस १५० ते ३००, पीएच (आम्लता-अल्कतेचे माप) ६.५ ते ८ आणि तापमान २२ ते २६ अंश सेल्सिअस असले की ती मजेत राहते. बोअरचा टीडीएस ८०० असेल आणि घरच्या आरओ यंत्राच्या पाण्याचा ४०, तर एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ मिळून २३० होतो. यंत्रातून वाया जाणाऱ्या नळीचे पाणी मात्र कधीही वापरू नये. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. आणि निव्वळ आरओच्या पाण्यावर कोळंबी ठेवली तर ती कवचासाठी लागणाऱ्या खनिजांना मुकते.

टाकी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असावी. काच कापणारा कारागीर सिलिकॉन लावून अशी टाकी सहज बनवून देतो. छोट्या बरणीतली कोळंबी छायाचित्रात छान दिसते, पण तिथे पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. तळाला धुतलेली बारीक वाळू, जावा मॉस या बारीक पाणवनस्पतीचा झुबका, हायड्रिलासारखी झटपट वाढणारी वनस्पती आणि एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर एवढे पुरते. दुसऱ्या फिल्टरांत पिल्ले ओढली जातात. स्पंजवर उलट ती चरायला बसतात.

टाकी भरली त्याच दिवशी कोळंबी सोडणे ही नवशिक्याची सर्वांत महागात पडणारी चूक. विष्ठा आणि कुजके अन्न यांतून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू स्पंजवर आणि वाळूत वसायला चार ते सहा आठवडे घेतात. पाणी जितके गरम आणि पीएच जितका जास्त, तितका अमोनिया अधिक विषारी. सोलापूरच्या पाण्यात हे दोन्ही एकत्र येतात, म्हणून इथे सहा ते आठ आठवडे थांबणे शहाणपणाचे. या काळात काचेवर आणि मॉसवर बुळबुळीत थर धरतो, तोच कोळंबीचा मुख्य आहार. दसऱ्याला टाकी मांडावी, दिवाळी उरकून महिना झाल्यावर कोळंबी आणावी, म्हणजे संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेपर्यंत ती रुळलेली असते. हिवाळ्यात इथे हीटरची गरज सहसा पडत नाही. मार्चनंतर नवी टाकी सुरू करू नये.

पहिल्या खेपेला दहा ते पंधरा कोळंब्या पुरेत. पुण्याहून आणायच्या तर संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस सोयीची : उन्हे उतरलेली असतात आणि चार तासांचा प्रवास पिशवीतल्या हवेवर सुखरूप होतो. पिशवीत थोडे मॉस असावे. धरायला काही नसले तर कोळंबी धडपडत राहते. घरी आल्यावर पिशवी थेट टाकीत उलटी करू नये. कोळंबी पाण्यासकट एका भांड्यात काढावी आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनच्या नळीने टाकीचे पाणी थेंबथेंब त्या भांड्यात सोडावे. सेकंदाला दोन-तीन थेंब, दीड-दोन तास. चाकी फिरवून थेंब कमीजास्त करता येतात. या कामासाठी बाजारात मिळणारी महागडी साधनेही याहून वेगळे काही करत नाहीत.

उन्हाळा हा इथल्या कोळंबीपालनाचा खरा परीक्षाकाळ. एप्रिल-मेमध्ये शहराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पत्र्याच्या छताखालील खोलीत टाकीचे पाणी ३२-३३ अंशांवर सहज पोहोचते. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसात. अंडी धरलेल्या माद्या अशा वेळी अंडी टाकून देतात. जाड भिंतींच्या माळवदी घराचा तळमजला यासाठी उत्तम. तशी जागा नसेल तर टाकी जमिनीलगत, भिंतीच्या आतल्या बाजूला ठेवावी, दिवा कमी वेळ लावावा, हवेचे बुडबुडे वाढवावेत आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडावा. सोलापूरची हवा कोरडी असल्याने पंख्याने पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. सोलापुरी टॉवेल भिजवून टाकीच्या तीन बाजूंना गुंडाळला आणि त्याचे टोक पाण्याच्या परातीत ठेवले तर तो दिवसभर ओला राहतो. माठ थंड राहतो त्याच तत्त्वाने टाकीही थोडी थंड राहते. बर्फ टाकू नये.

इथेच एक छुपा धोका आहे, आणि तोच सर्वांत कमी बोलला जातो. पाणी उडते, क्षार उडत नाहीत. ४५ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद टाकीची पातळी रोज अर्धा सेंटिमीटर उतरली तरी पाऊण लिटरच्या आसपास पाणी जाते. टाकीत ३६ लिटर पाणी आहे, टीडीएस २३० आहे आणि उतरलेली पातळी ५०० टीडीएसच्या पाण्याने भरत गेलो, तर महिन्याभरात टाकीचा टीडीएस ५००च्या वर जातो. टाकी बाहेरून अगदी स्वच्छ दिसते. या नोंदीच्या लेखकाच्या पहिल्या टाकीतील कोळंब्या अशाच गेल्या : रोज एक, कधी दोन, डोके आणि पाठ यांच्या सांध्यावर पांढरी गोल रेघ उमटलेली. ती रेघ म्हणजे अर्धवट फुटलेले कवच. कात टाकताना कवच मानेशी उकलते आणि कोळंबी एका झटक्यात बाहेर पडते. पाण्यातील खनिजांचे प्रमाण बिघडले की हा झटका जमत नाही. त्यावेळी दोष उन्हाला दिला गेला. मीटर विकत घेतल्यावर कारण कळले. म्हणून उडालेले पाणी भरायचे ते आरओचे किंवा पावसाचे, आणि टाकीतले पाणी बदलायचे ते मिसळून तयार केलेले. ही दोन कामे वेगळी आहेत. पावसाचे पाणी घेताना पहिल्या एक-दोन सरींचे सोडून द्यावे. बदल आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त करू नये.

विषबाधेची कारणे घरातच असतात. कोळंबीच्या रक्तातला प्राणवायूवाहक पदार्थ तांबेयुक्त असला तरी पाण्यात विरघळलेले तांबे तिला फार कमी प्रमाणातही मारक ठरते. तांब्याच्या हंड्या-कळशीतले पाणी माणसाला चांगले म्हणून टाकीत ओतले जाते. एसीच्या नळीतून गळणारे पाणी ‘शुद्ध’ म्हणून साठवले जाते, पण तेही तांब्याच्या वेटोळ्यांवरून आलेले असते. माशांच्या काही औषधांत तांब्याचे क्षार असतात. डासांच्या अळ्या मारण्यासाठी साठवणीच्या पाण्यात टाकले जाणारे टेमिफॉस हे कीटकनाशक कोळंबीलाही घातक आहे. डेंग्यूच्या दिवसांत ते टाकणे योग्यच आहे. कोळंबीची बादली तेवढी वेगळी, झाकून ठेवावी. झुरळांची फवारणी, डासांची कॉइल आणि द्रवरूप यंत्रे यांतील पायरेथ्रॉइड कीटकनाशकेही तशीच. खोलीत फवारणी करायची असेल तर टाकी ओल्या कापडाने झाकून एअर पंपाची हवा दुसऱ्या खोलीतून घ्यावी. दुकानातून आणलेल्या पाणवनस्पती आठवडाभर वेगळ्या पाण्यात ठेवून, पाणी दोनदा बदलून मगच टाकीत घालाव्यात.

खाणे फार कमी लागते. दहा कोळंब्यांना दोन दिवसांतून एकदा मालदांडी ज्वारीच्या दाण्याएवढा खाऊ भरपूर झाला. उकळत्या पाण्यात मिनिटभर धरलेले पालकाचे पान किंवा दोडक्याची चकती त्या आवडीने खातात. उरलेले दोन-तीन तासांत काढून घ्यावे. रस्त्याकडेच्या देशी बदामाचे गळून वाळलेले पान धुऊन टाकीत सोडले की पाणी फिक्या चहासारखे होते, पानावर थर धरतो आणि पुढचे काही आठवडे ते पान जाळीदार होईपर्यंत कोळंब्या त्यावर चरतात. तुतीचे वाळके पानही चालते.

निरोगी कोळंबी स्वस्थ बसत नाही. पुढचे चिमूटभर हात आळीपाळीने तोंडाशी नेत ती सतत वेचत असते. तळाशी पडलेले रिकामे, पारदर्शक कवच पाहून नवशिका घाबरतो. ती कात असते, ती तशीच राहू द्यावी, खनिजांसाठी कोळंब्या ती खाऊन टाकतात. मेलेली कोळंबी शिजवल्यासारखी गुलाबट, अपारदर्शक होते आणि ती लगेच काढावी लागते.

मादीच्या पाठीवर, डोक्यामागे पिवळसर डाग दिसू लागला की ती वयात आली. तिने कात टाकली की पाण्यात गंध पसरतो आणि सगळे नर टाकीभर सैरावैरा पोहतात. हा गोंधळ विषबाधेचा नसतो. नंतर वीस-तीस अंडी ती पोटाखालच्या पायांत धरते आणि तीन-चार आठवडे त्यांना वारा घालत राहते. अधूनमधून पायाने एखादे अंडे पुढे ओढते, उलटसुलट करते, परत मागे सारते. पिल्ले दोन मिलिमीटरची, आईच्याच रूपाची निघतात. अळीची अवस्था नसते. पहिल्या दिवशी ती भिंगाशिवाय नीट दिसतही नाहीत. टाकीत गप्पी किंवा एंजलसारखे मासे असतील तर ती पिल्ले उरत नाहीत.

वर्षभरात टाकी दाट होते. जास्तीची कोळंबी मॉससह डब्यात घालून दुसऱ्या हौशी माणसाला द्यावी. सिद्धेश्वर तलावात, कंबर तलावात किंवा उजनीत ती सोडू नये : जर्मनी आणि पोलंडसारख्या थंड देशांतही वीजकेंद्रांच्या कोमट पाण्यात टाकीतून सुटलेल्या निओकॅरिडिनाने बस्तान बसवले आहे, आणि सोलापूरचे पाणी तर बारा महिने कोमटच असते.