नवा व्हायरस सापडलाय? अधिकृत वर्गीकरणात त्याची नोंद कशी करायची – पात्रता, कागदपत्रं, प्रोसेस

व्हायरसची नावं कोण ठेवतं असं विचारलं की दहातले नऊ जण डब्ल्यूएचओ म्हणतात, आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. डब्ल्यूएचओ आजाराला नाव देतं. 11 फेब्रुवारी 2020 ला त्यांनी कोविड-19 हे आजाराचं नाव जाहीर केलं, आणि त्याच दिवशी व्हायरसचं सार्स-कोव्ह-2 हे नाव आलं ते कोरोनाव्हायरस स्टडी ग्रुपकडून, म्हणजे वेगळ्याच मंडळींकडून. हा स्टडी ग्रुप ज्या समितीचा, ती इंटरनॅशनल कमिटी ऑन टॅक्सॉनॉमी ऑफ व्हायरसेस, थोडक्यात आयसीटीव्ही. 1966 ला मॉस्कोच्या मायक्रोबायॉलॉजी काँग्रेसमध्ये तिची सुरुवात झाली, आणि व्हायरसचं अधिकृत वर्गीकरण जगभरात हीच एक समिती करते.

आता नीट वाचा, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. आयसीटीव्ही तुमच्या व्हायरसला नाव देत नाही, ती प्रजातीला नाव देते. व्हायरस म्हणजे ट्यूबमधली खरीखुरी वस्तू, जी पेशीत शिरते आणि आजार करते, तिचं रोजचं नाव शोधणारेच ठेवतात आणि त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. प्रजाती म्हणजे आपण केलेला कप्पा, त्यात तो व्हायरस बसतो. अर्ज असतो तो या कप्प्यासाठी. आणि प्रजातीच्या खाली, म्हणजे व्हेरियंट, स्ट्रेन वगैरेत आयसीटीव्ही पडतच नाही, ते डेल्टा-ओमिक्रॉन डब्ल्यूएचओने 2021 पासून ग्रीक अक्षरांवरून ठेवले.

अर्ज कोण करू शकतं? कोणीही. खरंच कोणीही, समितीचं मेंबर असायची अट नाही, फी नाही, तुम्ही पीएचडीला असाल तरी चालतं. पण ज्या फॅमिलीत (प्रजातीपेक्षा वरचा, मोठा गट) तुमचा व्हायरस बसतोय त्या फॅमिलीच्या स्टडी ग्रुपच्या चेअरला आधी ईमेल टाका, हे मी कळकळीने सांगतेय, कारण प्रत्येक गटाचे निकष वेगळे असतात आणि ते त्यांनाच पाठ असतात. बॅक्टेरियोफेजमध्ये (बॅक्टेरियाला लागण करणारे व्हायरस) पूर्ण जीनोमची (व्हायरसचा सगळा जनुकीय मजकूर) सारखेपणाची टक्केवारी 95 च्या खाली गेली तर वेगळी प्रजाती धरतात, बेगोमोव्हायरसमध्ये (वनस्पतींवरचे व्हायरस) हीच रेषा 91 टक्क्यांवर आहे. म्हणजे एका गटात जी नवी प्रजाती ती दुसऱ्या गटात जुनीच ठरू शकते, आणि नुसत्या आकड्यावर भागत नाही, वंशवृक्षात तुमचा व्हायरस कुठे बसतो, होस्ट कोण म्हणजे लागण कुणाला होते, जीनोमची मांडणी कशी हेही बघतात.

पूर्वी व्हायरस लॅबमध्ये वाढवून दाखवावा लागायचा. आता नाही. 2017 ला तज्ज्ञांनी मिळून भूमिका मांडली की माती, पाणी, विष्ठा अशा सॅम्पलमधून नुसता सिक्वेन्स (जनुकीय अक्षरांचा क्रम) मिळाला असला तरी वर्गीकरण होऊ शकतं, आणि आयसीटीव्हीने ते मान्य केलं. मंजूर प्रजातींची यादी भराभर वाढली त्यात याचा मोठा वाटा, 2024 च्या यादीत 14,000 च्या वर प्रजाती आहेत.

कागदपत्रं म्हणाल तर मुख्य दोनच, एक वर्ड फाइल आणि एक एक्सेल शीट, दोन्हीचे टेम्प्लेट आयसीटीव्हीच्या साईटवर असतात आणि त्या वर्षाचेच घ्यायचे, मागच्या वर्षीची फाइल कुणाकडून मागून वापरू नका. वर्ड फाइलमध्ये लेखक, थोडक्यात सारांश, मग का हवी ही प्रजाती ते मुद्देसूद, फायलोजेनेटिक ट्री म्हणजे वंशवृक्ष, आणि नावाची व्युत्पत्ती. एक्सेलमध्ये एका प्रजातीला एक ओळ, डावीकडे आत्ताचं वर्गीकरण, उजवीकडे तुम्ही सुचवलेलं, मग अ‍ॅक्सेशन नंबर (जेनबँक या सिक्वेन्सच्या डेटाबेसमधला नोंद क्रमांक), नमुना म्हणून धरलेल्या व्हायरसचं नाव, जीनोम पूर्ण आहे की नाही, होस्ट, आणि शेवटी काय करायचंय ते, नवीन तयार करायची, हलवायची, नाव बदलायचं की रद्द करायची.

अ‍ॅक्सेशन नंबरचं एक सांगते. आमच्या पहिल्या अर्जात नंबर बरोबर होता पण सिक्वेन्स जेनबँकमध्ये पब्लिक करायचाच राहिला होता, पेपर येईपर्यंत लपवून ठेवलेला, आणि अर्ज परत आला. बघणाऱ्याला सिक्वेन्स उघडून तपासता आलाच पाहिजे, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं.

आता नाव. 2021 पासून नियम असा की प्रजातीचं नाव दोन शब्दांचं, आधी जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) मग दुसरा शब्द, तो लॅटिनच असला पाहिजे असं नाही. रेबीजचं बघा, प्रजातीचं नाव आधी रेबीज लिसाव्हायरस होतं, आता लिसाव्हायरस रेबीज. गोवराच्या व्हायरसची प्रजाती झाली मॉर्बिलीव्हायरस होमिनिस, आणि सार्स-कोव्ह-2 ज्या प्रजातीत येतो ती बीटाकोरोनाव्हायरस पँडेमिकम. दुसऱ्या शब्दात हायफन, ग्रीक अक्षरं, वर-खाली लिहिलेले आकडे चालत नाहीत, जिवंत माणसाचं नाव देता येत नाही, कुणाला लागेल असं काही नको, आणि आधीच मंजूर असलेलं नाव परत नको. जीनसच्या वरच्या पातळ्यांच्या शेपट्या ठरलेल्या, फॅमिलीला विरिडी, ऑर्डरला विरालीस, सगळ्यात वरच्या रेल्मला विरिया. बीटाकोरोनाव्हायरस वर चढवत नेला तर कोरोनाविरिडी, निडोविरालीस आणि शेवटी रिबोविरिया. सगळ्या मिळून 15 पातळ्या आहेत पण सगळ्या भरायची सक्ती नाही, मधल्या रिकाम्या सोडता येतात.

पाठवायचं कुठे, तर आयसीटीव्हीच्या तुमच्या व्हायरसच्या सबकमिटीच्या चेअरला, वनस्पतींची वेगळी, बॅक्टेरियाची वेगळी, बुरशी आणि प्रोटिस्टची वेगळी, प्राण्यांच्या तीन, डीएनएवाल्यांची एक आणि आरएनएवाल्यांच्या दोन. वर्षातून एकच फेरी असते, डेडलाइन त्या वर्षीच्या घोषणेत बघायची, आणि ती चुकली की गेलं वर्ष. मग अर्जाला कोड मिळतो, वर्ष, क्रमांक आणि सबकमिटीचं अक्षर असा. एक्झिक्युटिव्ह कमिटी साधारण जुलै-ऑगस्टमध्ये बसते आणि अर्ज मान्य, दुरुस्तीला परत, पुढे ढकलला किंवा नाकारला यापैकी काहीतरी होतं. दुरुस्तीला परत आला म्हणजे संपलं असं समजू नका, नाव बदला किंवा ट्री परत काढा एवढंच सांगितलेलं असतं बऱ्याचदा, आणि मुदतीत दिलं की पुढे जातं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला समितीच्या सगळ्या सदस्यांचं मतदान, त्यात पास झालं की मास्टर स्पीशीज लिस्टच्या नव्या आवृत्तीत तुमची ओळ येते.

ती ओळ आली की पहिलं काम, यादीतलं स्पेलिंग तसंच्या तसं कॉपी करून घ्यायचं. पेपरमध्ये प्रजातीचं नाव इटॅलिकमध्ये आणि पहिलं अक्षर कॅपिटल, व्हायरसचं नाव मात्र साधं सरळ. आणि वाक्य लिहिताना प्रजातीने कुणाला इन्फेक्ट केलं असं लिहायचं नाही, इन्फेक्ट करतो तो व्हायरस.