सिबिल स्कोअर : पत घडवणे आणि सावरणे

सिबिल स्कोअर म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून काढलेला ३०० ते ९०० मधला अंक. सिबिल ही संस्था २००० साली मुंबईत स्थापन झाली. तिचे आजचे नाव ट्रान्सयुनियन सिबिल. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क या कंपन्याही हेच काम करतात. प्रत्येकीचा अंक थोडा वेगळा निघतो, पण बोलताना सगळ्यांनाच ‘सिबिल’ म्हणतात. अशा पतमाहिती कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्याने या व्यवसायाला चौकट दिली. ७५० च्या वरचा अंक बँका सहसा चांगला मानतात. तशी रेषा कायद्याने मात्र आखलेली नाही.

पगार, बचत खात्यातली शिल्लक, मुदत ठेवी, शेतजमीन यांपैकी काहीही या अंकात मोजले जात नाही. मोजली जाते ती फक्त उधारी आणि तिची फेड. त्यामुळे आयुष्यभर कर्जापासून लांब राहिलेल्या माणसाला अंकच नसतो, आणि काही महिने हप्ते वेळेवर भरणाऱ्याला तो मिळतो. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची भूमिका आहे. नव्याने पत उभी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड: मर्यादेच्या साधारण तीस टक्क्यांच्या आत खर्च करायचा आणि बिल पूर्ण भरायचे. ‘किमान देय’ भरत राहिल्यास खाते थकीत दिसत नाही, पण व्याज चढत जाते आणि वापरलेली मर्यादा मोकळी होत नाही.

अहवालात प्रत्येक कर्जापुढे महिनावार रकाने असतात आणि हप्ता किती दिवस उशिरा आला तो आकडा त्यात पडतो. ९० दिवसांपलीकडे थकलेले खाते सहसा अनुत्पादक (एनपीए) ठरते. डाग लागायला कर्ज आपणच घेतलेले असावे लागते असेही नाही. सहकारी बँका जामीनदार मागतात आणि पगारदार माणूस ओळखीपोटी सही करून देतो. मूळ कर्जदाराने हप्ते बुडवले की डाग जामीनदाराच्या अहवालातही उमटतो. बऱ्याच जणांना हे स्वतःच्या गृहकर्जाच्या वेळीच कळते.

बिघडलेली पत सावरताना सर्वांत जास्त फसगत होते ती ‘सेटलमेंट’मध्ये. वसुलीवाले फोन करून निम्म्या रकमेत खाते मिटवू म्हणतात, कर्जदार सुटकेचा निःश्वास टाकतो आणि अहवालात ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो. पुढची बँक त्याचा अर्थ ‘पूर्ण पैसे दिले नाहीत’ असाच घेते. ऐपत आली की उरलेली रक्कम भरून, कर्ज निल झाल्याचा दाखला घेऊन शेरा बदलून घेणे हाच त्यावर उपाय. ‘राइट-ऑफ’ म्हणजे कर्जमाफी हा समजही असाच महागात पडतो. बँकेने ती रक्कम आपल्या ताळेबंदातून काढलेली असते, कर्जदाराच्या डोक्यावरून नव्हे.

चुकीच्या नोंदींचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रम अर्जागणिक बदलतो. अशा घोळातून दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसू शकते, किंवा फेडलेले कर्ज चालूच राहते. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो आणि स्वतः तो पाहिल्याने अंक घटत नाही. (एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकले तर मात्र घटू शकतो.) चुकीच्या नोंदीची तक्रार पतमाहिती कंपनीकडे किंवा बँकेकडे करता येते. ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. खरी नोंद मात्र कोणीही पुसू शकत नाही. फी घेऊन ‘महिन्यात सिबिल क्लिअर’ करून देणारे एजंट एकतर ही फुकटची तक्रारच करतात, नाहीतर पैसे घेऊन गायब होतात.

महाराष्ट्रात या अंकाला राजकीय धारही आली आहे. पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असे राज्य सरकारने बँकांना अनेकदा बजावले आहे. गावोगावच्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत. त्यामुळे तिथे वर्षानुवर्षे चोख भरलेले हप्ते या अहवालात सहसा दिसत नाहीत.