एफ-फोर जिंकलं की फॉर्म्युला वन?

‘पोरगा एफ-फोर जिंकला, आता फॉर्म्युला वन पक्कं’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. (एफ-फोर म्हणजे फॉर्म्युला शर्यतींची खालची पायरी; तिच्या वर एफ-थ्री, मग एफ-टू आणि सर्वात वर एफ-वन, म्हणजेच फॉर्म्युला वन.) तसं नाही. एफ-वनला सुपर लायसन्स, म्हणजे तिथे शर्यतीत उतरायचा परवाना, लागतं आणि त्यासाठी साधारण तीन हंगामांत मिळून 40 गुण. राष्ट्रीय एफ-फोरच्या विजेत्याला मिळतात जेमतेम 12! एफ-थ्रीच्या विजेत्याला 30. एफ-टूमध्ये मात्र पहिल्या तिघांना थेट 40.

बरं, गुण जमले तरी गाडी मिळेलच असं नाही. मुंबईच्या जेहान दारूवालाने एफ-टूच्या शर्यती जिंकल्या, मॅक्लारेन संघाची जुनी एफ-वन गाडी चाचणीत चालवली. शर्यतीची सीट काही मिळाली नाही. पुढे तो विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मध्ये उतरला. आणि ‘मग मॅक्स व्हर्स्टापेन 17व्या वर्षी एफ-वनला कसा पोचला?’ म्हणाल, तर गुणांचा हा नियम त्याच्या पदार्पणानंतर, 2016 पासून लागू झाला.